मेजावरचे काळे वर्तुळ

आमच्या घराच्या माजघरात एक सागवानी मेज आहे. आठ माणसे सहज जेवायला बसतील एवढे ते लांब आहे आणि त्याचे पाय इतके जाड आहेत की, त्याला जागेवरून हलवायचे तर दोन माणसे लागतात. आजोबांनी ते घरीच सुतार बसवून करून घेतले, असे बाबा सांगत. या मेजावर आम्ही जेवलो, अभ्यास केला, आईने निवडणेटिपणे केले, वाडीतली केळी बाजाराला जाण्याआधी याच मेजावर क्षणभर विसावली. त्याच्या वरच्या भिंतीवर घरचे आल्तार आहे. ऑक्टोबर महिन्यात, जपमाळेच्या त्या पवित्र दिवसांत, सारे कुटुंब या मेजाभोवती उभे राही आणि मेणबत्तीचे थेंब मेजावर ओघळत राहत.

इतक्या वर्षांच्या संसारात मेज स्वच्छ कसे राहणार? चहाच्या गरम कपांची पांढुरकी वर्तुळे, मेणाचे थर, हळदीचा पिवळा ओघळ, आणि या सर्वांच्या मधोमध ताटलीएवढे एक काळे वर्तुळ. घरातल्या माणसांना या डागांची सवय झाली होती. पाहुणे येणार असले की त्यावर मेणकापड पसरायचे आणि पाहुणे गेले की ते गुंडाळून ठेवायचे, असा आमचा क्रम होता. आपल्या अनेक गोष्टींबाबत आपण असेच वागत असतो.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी मोठ्या भावाचा, दादाचा, फोन आला. आईच्या वार्षिक स्मृतीची मिस्सा प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात होती. तो म्हणाला, “मिस्साला तर येतोच. यंदा मग घरी जेवायला येईन म्हणतो.”

वाक्य साधे होते. परंतु ज्या माणसाने १९९१ सालापासून या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्याच्या तोंडचे ते वाक्य होते. २००३ साली बाबा गेले, तेव्हा तो चर्चमध्ये आला, दफनभूमीत मूठभर माती टाकली आणि फाटकातूनच परत गेला. २०१९ साली आई गेली, तेव्हाही तसेच. मी फोन खाली ठेवला आणि माझे लक्ष प्रथम गेले ते मेजाकडे. मेणकापड पसरून दादाला जेवायला बसवायचे नाही, एवढे मी मनाशी ठरवले. माझ्या हातात जवळजवळ पाच आठवडे होते.

आरंभ मी पांढऱ्या वर्तुळांपासून केला. आमच्या आजीचा एक उपाय मला आठवत होता. चुलीतली राख वस्त्रगाळ करायची, तिच्यात खोबरेल तेलाचे काही थेंब घालून मऊ लेप करायचा, आणि सुती कापडाने लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने चोळायचे. आडवे चोळले तर ओरखडे दिसतात. एका वर्तुळाला पाऊण तास लागला. परंतु कापड फिरवता फिरवता तो पांढुरका धूसरपणा जणू आत विरघळत गेला आणि खालचा तांबूस सागवान दिसू लागला. तीन संध्याकाळीत सहा वर्तुळे गेली. आदल्याच आठवड्यात धर्मगुरूंनी कपाळाला राख लावली होती. ती राख माणसाला त्याच्या मातीपणाची आठवण देण्यासाठी असते. आता चुलीतली साधी राखही एवढे काम करते, याचे मला मोठे कौतुक वाटले.

मेणाचे काम त्याहून सोपे निघाले. कापडात बर्फाचा तुकडा गुंडाळून मेणावर धरला की मेण कडक होते आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या बोथट कडेने खपली उचलावी तसे उचलता येते. सुरी वापरू नये. उरलेल्या तेलकट छायेवर टीपकागद ठेवून त्यावरून अगदी कोमट इस्त्री फिरवली, की कागद मेण शोषून घेतो. इस्त्री मात्र तापलेली नको, कारण जुन्या मेजांवरचे पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेचे असते. झाडाच्या फांद्यांवर राहणारा एक चिमुकला कीटक ही लाख स्रवतो. ती शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश तयार होते. उष्णतेने ते मऊ पडते आणि स्पिरिटने पुन्हा विरघळते. पाहुण्याच्या हातचा मद्याचा पेला सांडला, तरी अशा मेजावर डाग का पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

या दोन यशांनी मला थोडा गर्व झाला असावा. मी हळदीच्या डागाकडे वळलो. राखेने एवढे साधले, तर हळद काय मोठी, असा विचार करून मी राख पाण्यात कालवली आणि त्या डागावर चोळली. पाहता पाहता पिवळा डाग लालभडक झाला! पत्नी स्वयंपाकघरातून पाहत होती. ती म्हणाली, “अहो, हळदीला क्षार लागला की लाल होणारच. हळदीचं कुंकू कसं करतात, माहीत नाही का?” राखेच्या पाण्यात क्षार असतो. तेलात कालवलेली राख केवळ सौम्य घासणी म्हणून काम करत होती. पाण्यात कालवलेल्या राखेने मात्र आपला गुण दाखवला. शिवाय क्षार लाखेलाही मानवत नाही, त्यामुळे तेवढ्या भागाची चमकही गेली.

पत्नीने लिंबाच्या रसाचे दोन थेंब पाण्यात घालून त्यात भिजवलेले फडके फिरवले, तेव्हा लाल रंग मागे हटून पुन्हा पिवळा झाला. लगेच साध्या ओल्या फडक्याने पुसून तिने जागा कोरडी केली. “आता याला हात लावू नका,” ती म्हणाली, “याला ऊन लागतं.” हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. हळदीने माखलेले वस्त्र ती धुऊन उन्हातच टाकते. सुदैवाने तो डाग खिडकीकडच्या टोकाला होता. रोज सकाळी दोन तास ऊन त्यावर येई. मी काहीही न करता तीन आठवड्यांत तो डाग फिकट होत होत नाहीसा झाला. एका डागाला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरू शकते, आणि काही डागांना केवळ प्रकाशात ठेवून थांबणे एवढेच आपल्या हाती असते, हे मी अशा रीतीने उतारवयात शिकलो.

राहिले ते काळे वर्तुळ. त्यावर मी तेल-राख लावून पाहिली, मीठ आणि तेल लावून पाहिले, कुणी सांगितले म्हणून दंतमंजनही चोळून पाहिले. भोवतालचे पॉलिश उजळले आणि त्या उजळपणात ते वर्तुळ अधिकच काळे दिसू लागले. शेवटी मी गावातल्या एका वृद्ध सुतारांना बोलावून आणले. त्यांनी चष्मा पुसला, बोटाचे नख त्या जागेवरून फिरवले आणि म्हणाले, “मास्तर, पांढरा डाग असतो पॉलिशचा. काळा डाग असतो लाकडाचा. पॉलिशवर घासून लाकडातला डाग कसा जाणार?”

त्यांनी मला जे समजावले ते असे. वाफ किंवा थोडा ओलावा पॉलिशच्या थरात अडकला की तो थर धूसर होतो आणि पांढरा दिसतो. लाकडाला त्याची बाधा झालेली नसते. परंतु पाणी दिवसचे दिवस साचून राहिले, तर ते पॉलिश भेदून लाकडात शिरते. लाकडात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते, आणि त्या पाण्याबरोबर लोखंडाचा अंश आला, तर दोहोंच्या संयोगाने काळा रंग बनतो. “इथे लोखंडाचं काहीतरी ठेवलं होतं, आणि पुष्कळ दिवस ठेवलं होतं. काय होतं?” त्यांनी विचारले.

मला उत्तर ठाऊक होते. ते लोखंडी घमेले होते, आणि ते तिथे मीच ठेवले होते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईतल्या जमिनींना एकाएकी मोल आले. वाडीचा गुंठ्याने हिशेब होऊ लागला, इमारती बांधणारे दारात येऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली होती आणि बाबा तिच्या सभांना निष्ठेने जात. दादाचे मत वेगळे होते. पानवेलीच्या आणि केळीच्या उत्पन्नावर तीन मुलांचे शिक्षण होणार नाही, वाडीचा एक भाग विकावा आणि शहराच्या बाजूला बिऱ्हाड करावे, असे तो म्हणे. त्यात लोभापेक्षा काळजी अधिक होती, हे आज मला दिसते. त्या वेळी दिसले नाही. १९९१ सालच्या ईस्टरनंतरच्या एका रात्री, याच मेजाशी बसून, बोलणे विकोपाला गेले. बाबा म्हणाले, “ज्याला वाडी नको, त्याला घरही नको.” मी बाबांच्या बाजूने बोललो, आणि जे बोललो ते गरजेपेक्षा अधिक होते. पंधरा दिवसांत दादा मुलाबाळांसह मीरा रोडला भाड्याच्या खोलीत राहायला गेला.

दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायचे काम दादा करी. शिडी लावून छपरावर जायचे, कौले चाळायची, फुटकी काढून नवी बसवायची, या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या वर्षीचा मे महिना तसाच सरला. बाबांनी कुणाला सांगितले नाही. मला सांगितले असते तर मी वर गेलो असतो, असे मी पुढे पुष्कळ वर्षे स्वतःला बजावत राहिलो. खरे तर मला सांगण्याची गरजच नव्हती. फुटलेली कौले माजघरातूनही दिसत होती. परंतु “ते त्याचे काम आहे, त्याने टाकले, आपण का उचलावे?” असा एक हट्ट माझ्या मनात बसला होता.

जूनमध्ये पाऊस आला आणि माजघरात, नेमका मेजावर, गळू लागला. मी अंगणातले लोखंडी घमेले आणून धारेखाली ठेवले. ते भरले की रिकामे करायचे आणि पुन्हा तिथेच ठेवायचे. शिंतोडे उडत, घमेल्याच्या बुडाखाली पाणी साचे. मेज हातभर बाजूला सरकवले असते तर ते वाचले असते. परंतु मेज सरकवणे दोन माणसांचे काम होते. घरात बाबा होते आणि मी होतो, आणि आम्ही दोघे त्या दिवसांत एकमेकांना काही मागत नव्हतो. संपूर्ण महिना ते घमेले तिथेच राहिले. जुलैत एका मजुराकडून कौले बसवून घेतली, घमेले उचलले, तेव्हा खाली हे वर्तुळ होते. आईने ते पाहिले, पदराने पुसून पाहिले आणि काही न बोलता त्यावर मेणकापड घातले.

सुतारकाका आणखी एक गोष्ट सहज बोलून गेले. जुन्या काळी निळी-काळी शाई अशीच करत, लोखंडाचे क्षार आणि झाडाचे तुरट द्रव्य एकत्र आणून. मी पुढे वाचून पाहिले तेव्हा ते खरे निघाले. युरोपात शतकानुशतके चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदी याच शाईने लिहिल्या गेल्या. कागदात ती अशी शिरते की सहजी पुसली जात नाही, म्हणूनच नोंदींसाठी ती निवडत. आमच्या घरातून त्या पावसाळ्यात दादाला एक पत्रदेखील गेले नाही. मेजाने मात्र आपल्यापुरती नोंद करून ठेवली होती.

अशा डागावर ऑक्झॅलिक आम्ल हा उपाय आहे. रंगाच्या दुकानात त्याचे पांढरे खडे मिळतात. आपल्या वाडीतले अळू घशाला खाजवते, तेही याच आम्लापासून बनलेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावे लागतात, त्याची भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही, आणि मुलांच्या हाताशी ते ठेवायचे नाही. डागापुरते लावून चालत नाही, कारण मग तेवढीच जागा फिकट पडते. साऱ्या फळीचे पॉलिश स्पिरिटने काढून, लाकूड उघडे करून, संपूर्ण पृष्ठभागावर ते लावावे लागते. हे काम मोकळ्या हवेत करायचे. म्हणजे मेज ओसरीवर न्यायला हवे. सुतारकाकांचे वय झालेले, माझेही झालेले, आणि मुलगा परदेशी. मी ते काम तसेच ठेवले.

मिस्साच्या दिवशी दादा आला. चर्चमधून आम्ही बरोबरच घरी आलो. उंबरठ्याशी तो क्षणभर थांबला, चपला काढल्या आणि आत येऊन प्रथम आल्तारासमोर उभा राहिला. मग वळला आणि त्याची दृष्टी मेजावर गेली. मेणकापड मी काढून ठेवलेच होते.

“हे कसलं रे?” त्याने विचारले.

“घमेल्याचं. त्या वर्षी गळत होतं.”

तो वर कौलांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “त्या मे महिन्यात मी एक दिवस येऊन शाकारून जाणार होतो. स्टेशनापर्यंत आलोही होतो. तिथूनच परत गेलो.”

जेवताना मी त्याला सांगून टाकले की, बाबांनी हयातीतच माझ्या नावे केलेल्या तुकड्यातील तीन गुंठे मी २००६ साली मुलीच्या शिक्षणासाठी विकले होते. ज्या गोष्टीसाठी मी त्याला या मेजाशी नको ते बोललो, तीच गोष्ट मी पंधरा वर्षांनी केली होती आणि त्याला कळवली नव्हती. त्याच्यासमोर बसून हे बोलताना माझा घास हातातच राहिला. तो म्हणाला, “ते मला तेव्हाच कळलं होतं. इथं पाणी गळलं, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही.”

जेवण झाल्यावर त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. “चल, धर त्या टोकाला,” तो म्हणाला. सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघे, मध्ये तीनदा टेकवत, ते मेज ओसरीवर घेऊन गेलो. सुतारकाकांना बोलावून घेतले. त्यांनी स्पिरिटने पॉलिश काढून दिले आणि रेषेच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवला. आम्ही प्लास्टिकच्या बादलीत गरम पाण्यात खडे विरघळवले आणि ब्रशाने फळीवर पसरले. काळा रंग काही वेळाने तपकिरी झाला, मग राखाडी. “आता रात्रभर राहू द्या. सकाळी स्वच्छ पाण्यानं तीन-चार वेळा धुवायचं, मग पुन्हा एक हात,” असे सांगून काका गेले.

दादा संध्याकाळच्या गाडीने परतणार होता. त्याने ओसरीवरच्या ओल्या मेजाकडे पाहिले आणि घरी फोन केला की, काम अर्धे राहिले आहे, उद्या येतो. रात्री आम्ही आल्तारासमोर जपमाळ केली. मेज नसल्यामुळे माजघर मोठे वाटत होते. दादाचा आवाज बाबांसारखा झाला आहे, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला, धुतले, वाळवले. लाकूड पूर्ण सुकल्यावर, पुढच्या आठवड्यात, काकांनी चपड्याचे पॉलिश बोळ्याने दहा-बारा वेळा चढवले. वर्तुळ गेले, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. उन्हाच्या एका विशिष्ट कोनात त्याची फिकट छाया अजून दिसते. काका म्हणाले, अजून खोल जायचे तर रंधा मारावा लागेल, आणि मग फळी पातळ होईल. आम्ही नको म्हणालो.

प्रायश्चित्त-संस्काराविषयी लहानपणी आम्हांला शिकवले होते की, पाप आठवणे, पश्चात्ताप करणे, कबुली देणे आणि प्रायश्चित्त करणे, या साऱ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मी बरीच वर्षे नेमाने पापनिवेदन केले, पण छपराची आणि त्या रात्रीच्या शब्दांची गोष्ट त्यात कधी आली नाही. मी वरवरचे पांढरे डाग पुसत होतो. त्या वर्षीच्या पवित्र आठवड्यात ती गोष्ट मी प्रथम धर्मगुरूंसमोर मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “भावाला सांगितलंत?” मी हो म्हणालो.

यंदा मे महिन्यात दादा पुन्हा आला होता. छपरावर चढण्याचे त्याचे वय राहिले नाही. अंगणात खुर्ची टाकून तो बसला आणि वर चढलेल्या मुलाला कोणते कौल उचलायचे, कोणते तसेच ठेवायचे, ते सांगत राहिला. शिडी मी धरली होती.